क्रिकेटमहर्षी प्राध्यापक देवधर

वर्ध्याच्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर क्रिकेट खेळणारा मुलगा पुढे नामांकित खेळाडू झाला आणि रणजी करंडकाच्या सामन्यात उतरला, तर तो विदर्भाच्या संघातून खेळतो. मुंबईच्या मुलासाठी मुंबईचा संघ असतो. आणि पुणे, नाशिक, सोलापूर, सांगली, कोल्हापूर येथील मुलांसाठी महाराष्ट्र या नावाचा तिसराच संघ असतो. राज्य एक, भाषा एक आणि संघ मात्र तीन, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते. पण रणजी करंडकाचे सामने १९३४ साली सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मासही आले नव्हते. वर्धा जिल्हा त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे आणि पुणे मुंबई इलाख्यात. खुद्द मुंबई शहराचा संघ तर स्वतंत्रच होता, आणि तो इतका बलाढ्य होता की पहिली दोन्ही वर्षे करंडक त्यानेच जिंकला. अशा शेजाऱ्यासमोर पुण्याकडच्या संघाचा टिकाव लागणे कठीण होते. तो लागला, एवढेच नव्हे तर त्या संघाने लागोपाठ दोन वर्षे हा करंडक पुण्यास आणला. त्या दोन्ही वर्षी संघाचे नेतृत्व पुण्याच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या प्राध्यापकांकडे होते. दिनकर बळवंत देवधर हे त्यांचे नाव.

देवधरांचा जन्म पुण्यात १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. क्रिकेटचा खेळ इंग्रजांनी आपल्याबरोबर आणला होता. पुण्याच्या लष्कर भागात इंग्रज अधिकाऱ्यांचे जिमखाने होते, हिरवळीची मैदाने होती, आणि शहरातील पेठांत राहणाऱ्या मुलांना तो खेळ दुरूनच पाहावा लागे. बॅट, पॅड, चामडी चेंडू ही सामग्री साध्या घरातील मुलांस परवडण्याजोगी नव्हती. तथापि खेळाची गोडी शहरात झपाट्याने पसरत होती. १९०० साली काही तरुणांनी पूना यंग क्रिकेटर्स या नावाची संस्था काढली. पुढे पी. वाय. सी. हिंदू जिमखाना म्हणून ती प्रसिद्धीस आली. देवधरांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता.

त्याच पुण्यात पळवणकर बाळू नावाचे एक अद्भुत गोलंदाज होऊन गेले. इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते तयार झाले. ते दलित समाजातील होते, म्हणून मैदानावर त्यांच्या गोलंदाजीच्या जोरावर सामने जिंकणारे सोबती चहाच्या वेळी त्यांना निराळ्या पात्रात चहा देत. बाळूंना हिंदू संघाचे नेतृत्व कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. देवधर खेळू लागले ते क्रिकेट असे होते. संघसुद्धा धर्मावरून पाडलेले असत. मुंबईच्या प्रसिद्ध सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ एकमेकांशी झुंजत, आणि पुढे १९३७ साली त्यांत पाचव्या संघाची भर पडली. धर्माच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या या सामन्यांना १९४६ नंतर पूर्णविराम मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु त्या काळी उत्तम खेळाडूला आपले कौशल्य दाखविण्यास दुसरे व्यासपीठ नव्हते, हेही खरे.

१९११-१२ च्या मोसमात देवधर वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये प्रथम उतरले. त्या वेळी ते महाविद्यालयीन वयाचे तरुण होते. उजव्या हाताने फलंदाजी करणारे आणि प्रसंगी लेगब्रेक गोलंदाजीही टाकणारे खेळाडू म्हणून त्यांचे नाव होऊ लागले.

आज उत्तम खेळाडूला खेळावर निर्वाह करता येतो. त्या काळी तशी सोय नव्हती. क्रिकेटच्या आवडीपायी पोटापाण्याचा उद्योग सोडणे म्हणजे संसार वाऱ्यावर सोडणे होय. ज्यांच्यावर एखाद्या संस्थानिकाची मर्जी बसे, त्यांना दरबारी किंवा फौजेत जागा मिळे. नागपूरचे सी. के. नायडू याच रीतीने इंदूरच्या होळकर संस्थानात गेले आणि कर्नल नायडू झाले. देवधरांनी निराळा मार्ग पत्करला. पुण्यात १९१६ साली न्यू पूना कॉलेज स्थापन झाले होते. तेच पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात धातू आणि विभक्ती, काव्य आणि नाटक. मैदानावर बॅट आणि चेंडू. पुण्यातील लोकांना त्या दोन गोष्टी एका माणसाच्या ठिकाणी पाहून प्रथम गंमत वाटली असेल. पुढे तर देवधर म्हटले की प्राध्यापक हा शब्द आपोआप जिभेवर येऊ लागला, आणि क्रिकेटच्या जगात त्यांना सर्वजण त्याच नावाने ओळखू लागले.

या व्यवस्थेत एक सोय होती व एक अडचण. सोय ही की खेळाडूला कोणा धन्याची मर्जी राखावी लागत नसे. अडचण ही की अध्यापनाचे काम सांभाळून जो वेळ उरेल, तेवढाच मैदानाला द्यावयाचा. शरीर नेहमी तयार ठेवण्याची दक्षता देवधरांनी आयुष्यभर घेतली. नेमाने व्यायाम, नेमस्त राहणी आणि काटेकोर शिस्त यांविषयी ते प्रसिद्ध होते. त्या दक्षतेचे फळ त्यांना कसे मिळाले, ते त्यांच्या खेळाच्या वर्षांकडे पाहिले की ध्यानात येते. पहिल्या महायुद्धापूर्वी ते खेळू लागले होते, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावरही ते खेळतच होते.

१९२६ सालच्या अखेरीस आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या एम. सी. सी. या विख्यात संस्थेचा संघ हिंदुस्थानात आला. त्यापूर्वी येथील खेळाडूंना जगाने फारसे गणलेले नव्हते. हिंदुस्थानला इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलिया यांच्याप्रमाणे कसोटी सामने खेळण्याचा अधिकार नव्हता, आणि तो कधी मिळेल असेही कोणी म्हणत नव्हते. १ डिसेंबर रोजी मुंबईच्या जिमखान्यावर नायडूंनी या पाहुण्यांच्या गोलंदाजीवर १५३ धावा झोडल्या. त्यांत अकरा षटकार होते आणि हा सारा पराक्रम दोन तासांच्या आत झाला. मैदानाभोवतीच्या झाडांवर आणि घरांच्या छपरांवर चढून लोकांनी तो पाहिला. हे एखाद्या दिवसाचे नशीब असेल, असे पाहुण्यांना वाटले असते, तर त्यांना फार दोष देता आला नसता. पण थोड्याच दिवसांनी त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानचा संघ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि प्राध्यापक देवधरांनी १४८ धावा काढल्या.

नायडूंचा डाव वादळासारखा होता, आणि वादळाची आठवण लोक जास्त दिवस ठेवतात. देवधरांच्या डावाचे मोल निराळे होते. साऱ्या देशातून निवडलेला संघ इंग्लंडच्या निवडक गोलंदाजांपुढे ताठ उभा राहू शकतो, हे त्या डावाने सिद्ध केले. त्या वेळी देवधरांचे वय चौतीस वर्षांचे होते. या दौऱ्यात पाहिलेल्या खेळामुळे गिलिगन यांचे मत अनुकूल झाले आणि येथील लोकांनी आपले स्वतंत्र क्रिकेट मंडळ स्थापावे असा आग्रह त्यांनी धरला. १९२८ साली ते मंडळ स्थापन झाले. चारच वर्षांनी, २५ जून १९३२ रोजी, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी उतरला. नायडू कर्णधार होते.

त्या संघात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. आणि चाळिशीच्या माणसाला सहा महिन्यांच्या दौऱ्यावर, इंग्लंडच्या थंडीत आणि ओल्या खेळपट्ट्यांवर न्यावे असे निवड करणाऱ्यांना वाटले नाही. ज्या दरवाजाला त्यांनी धक्का दिला होता, तो उघडला तेव्हा ते बाहेरच राहिले. पुढे चार वर्षांनी दुसरा संघ इंग्लंडला गेला. त्यातही त्यांचे नाव नव्हते. साऱ्या आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. निवड करणाऱ्यांचा हिशेब वयाचा होता, आणि वयाचा हिशेब बहुधा बरोबर निघतो. देवधरांच्या बाबतीत मात्र तो साफ चुकला, हे पुढील बारा वर्षांत दिसून आले.

महाविद्यालयात शिकविणाऱ्या माणसाला एक गोष्ट सहज साध्य असते. त्याचे स्वतःचे वय दरवर्षी वाढत जाते, पण समोरच्या बाकांवरील मुले नेहमी सतरा-अठरा वर्षांचीच राहतात. देवधरांचा बराच काळ अशाच तरुणांच्या सहवासात जात असे. १९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या नावाचा संघ उभा करावयाचा प्रश्न आला. आजच्यासारखा पगारी शिक्षक त्या काळी अशा संघाला नसे. कोणता मुलगा कोणत्या जागी उभा राहील, कोणी कोणत्या क्रमाने खेळावयाचे, कोणाच्या हातात चेंडू केव्हा द्यावयाचा, कोणाला चार शब्द सुनवावयाचे आणि कोणाला धीर द्यावयाचा, हे सर्व कर्णधारालाच पाहावे लागे. मुंबईकडे मोठमोठी मैदाने होती, कचेऱ्यांचे आणि जिमखान्यांचे असंख्य संघ होते, श्रीमंत आश्रयदाते होते. महाराष्ट्राच्या संघाला यांतील फारच थोडे उपलब्ध होते. त्याला गावोगावचे होतकरू तरुण वेचून आणावे लागले.

त्या तरुणांत सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा होता. त्याचे नाव विजय हजारे. स्वभावाने अबोल, पण एकदा खेळपट्टीवर उभा राहिला की हलावयाचा नाही. १९३९-४० च्या मोसमात पुण्यास बडोद्याविरुद्ध सामना चालू असता महाराष्ट्राचे नऊ गडी बाद झाले. अखेरचा फलंदाज नगरवाला खेळावयास आला, तेव्हा डाव आता आटोपला असे सर्वांस वाटले असल्यास नवल नाही. पण या शेवटच्या जोडीने २४५ धावांची भर घातली. नगरवाला शतकाला दोन धावा कमी असताना, अठ्ठ्याण्णवावर बाद झाला. हजारे ३१६ धावा काढून नाबाद राहिले. रणजी करंडकाच्या सामन्यांतील ते पहिले त्रिशतक होय. त्या वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांतास हरवून महाराष्ट्राने करंडक जिंकला, आणि ज्या प्राध्यापकांना आठ वर्षांपूर्वी वयामुळे वगळण्यात आले होते, ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विजयी संघाचे कर्णधार झाले.

कदाचित कोणी म्हणाले असते की तरुणांनी धावा काढल्या आणि वडीलधाऱ्यांना मान मिळाला. पुढच्याच मोसमात त्याचे उत्तर मिळाले. १९४०-४१ साली पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. त्या काळच्या नियमाप्रमाणे सामना पुरा न झाला, तर ज्याने पहिल्या डावात अधिक धावा काढल्या तो संघ विजयी ठरत असे. यामुळे पहिला डाव म्हणजेच सारी लढाई होऊन बसे. प्रत्येक धाव मोलाची असे आणि गडी गमावणे महागात पडे. मुंबईच्या बाजूस विजय मर्चंटसारखे नामवंत फलंदाज होते. या सामन्यात देवधरांनी २४६ धावा काढल्या. पन्नाशी अगदी जवळ आलेला माणूस तासामागून तास उन्हात उभा राहतो, धावतो, आपल्या निम्म्या वयाच्या गोलंदाजांना दमवितो, हे दृश्य पाहावयास सारे पुणे लोटले असल्यास आश्चर्य नव्हे. २४६ हीच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी धावसंख्या ठरली. महाराष्ट्राच्या धावा झाल्या ६७५. मुंबईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने ६५० पर्यंत मजल मारली. पंचवीस धावांनी महाराष्ट्र पुढे राहिला. कर्णधाराने दोनशे सेहेचाळीसऐवजी दोनशे धावा काढल्या असत्या, तर मुंबई पुढे गेली असती.

तेथून तो संघ अंतिम सामन्यासाठी मद्रासला गेला आणि करंडक दुसऱ्यांदा घेऊन परत आला. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ काही वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु २०२५ पर्यंत तरी तिसऱ्यांदा करंडक जिंकणे त्यास साधलेले नाही.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, महाराष्ट्राचा सामना नवानगर संस्थानाच्या संघाशी झाला. देवधरांनी पहिल्या डावात १०५ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात १४१. एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतक काढणे तरुण फलंदाजालाही क्वचितच साधते. देवधर त्या वेळी बावन्न वर्षांचे होते. १९४७-४८ च्या मोसमात त्यांनी वरच्या दर्जाच्या क्रिकेटचा निरोप घेतला. ८१ सामने, ४,५२२ धावा आणि नऊ शतके हा त्यांचा जमाखर्च. छत्तीस वर्षांच्या मानाने ८१ हा आकडा लहान दिसतो. परंतु त्या काळी वर्षाकाठी दोन-चारच मोठे सामने खेळावयास मिळत, आणि पुष्कळदा तितकेही मिळत नसत.

त्यांनी हाताखाली वागविलेली मुले दरम्यान मोठी झाली होती. हजारे भारताचे कर्णधार झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो हजारे यांच्याच नेतृत्वाखाली. पहिल्या कसोटी सामन्यानंतर त्या विजयासाठी भारताला वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. महाराष्ट्राच्या त्याच संघातील रंगा सोहोनी आणि फिरकी गोलंदाज सदू शिंदे हेही भारतातर्फे कसोटी सामने खेळले.

देवधरांच्या घरातही खेळ होता. बॅडमिंटन या खेळाचे पहिले नियम इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्यातच बसविले, म्हणून एके काळी त्या खेळाला पूना असेच म्हणत. देवधरांच्या तारा, सुंदर व सुमन या तिन्ही मुलींनी त्या खेळात राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत मजल मारली. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण १९४० च्या सुमारास पुण्याच्या पेठांतील मध्यमवर्गीय घरांतून मुलीने रॅकेट घेऊन मैदानावर जाणे, परगावी सामने खेळणे, ही गोष्ट किती जणांना खपत होती? घरच्या माणसांचा, विशेषतः वडिलांचा, भक्कम आधार असल्याखेरीज ते घडत नसे. एका घरातील तीन बहिणींनी राष्ट्रीय पदवी मिळवावी, असे उदाहरण आपल्या देशात शोधूनच काढावे लागेल.

निवृत्तीनंतर देवधर मैदानापासून दूर गेले नाहीत. भारताचा संघ निवडणाऱ्या समितीवर त्यांनी काम केले. जे वयाच्या कारणाने वगळले गेले होते, त्यांच्यावर आता दुसऱ्यांना निवडण्याची आणि वगळण्याची जबाबदारी आली. भारतीय क्रिकेट मंडळाचे उपाध्यक्ष आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिले. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाने एक स्पर्धा सुरू झाली. १९७३-७४ सालापूर्वी आपल्या देशातील मोठे सामने तीन-चार किंवा पाच दिवस चालत. एका दिवसात संपणाऱ्या, षटकांची मर्यादा असलेल्या सामन्यांची ही देवधर करंडक स्पर्धा मंडळाने त्या वर्षी सुरू केली. भारताने आपला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो त्यानंतर, १९७४ च्या जुलै महिन्यात. देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे पाच विभाग करून त्यांचे संघ या स्पर्धेत उतरविण्यात आले. मुंबई आणि महाराष्ट्र यांचे खेळाडू, जे रणजी सामन्यांत एकमेकांविरुद्ध लढत, ते येथे पश्चिम विभागाच्या एकाच संघात खेळू लागले. विदर्भाचा समावेश मध्य विभागात होता. त्यामुळे वर्ध्या-नागपूरकडील खेळाडू येथेही त्यांच्या विरुद्ध बाजूसच राहिला. पाच-पाच दिवस खेळपट्टीवर तळ ठोकणाऱ्या पिढीच्या फलंदाजाचे नाव एका दिवसाच्या झटपट खेळाला मिळावे, यात थोडा विनोद आहे खरा.

१४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. धावांची शतके पुष्कळांनी काढली होती. प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळून वयाचे शतक गाठणारे ते पहिलेच भारतीय. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला होता. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९९६ साली, भारतीय टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंच्या स्मरणार्थ तिकिटे काढली. सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि दि. ब. देवधर ही त्यांची नावे. यांपैकी पहिले तिघे भारताकडून कसोटी सामने खेळले होते.